बदलत्या पावसाची बेगमी

मैत्रिणींनो, वैशाख लागला की आपल्या घरातली लगबग काय वर्णावी! गच्चीवर जुन्या साड्या अंथरून कुरडया आणि सांडगे वाळत पडलेले असतात. वर्षाचं तिखट कुटून आणायची घाई असते. तांदळाला एरंडेल लावावं की कडुनिंबाचा पाला घालावा, यावर शेजारणीशी गोड वाद झडतो. आभाळात एक ढग दिसला की आपला जीव खालीवर होतो. पावसाळ्याची बेगमी म्हणतात ती हीच.

याच दिवसांत रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांवर राहणाऱ्या बायकाही बेगमीच करत असतात. लाकूडफाटा पडवीत रचायचा, गोवऱ्या झाकायच्या, आमसुलं आणि आंबोशी वाळवायची, सुकी मासळी डब्यात भरायची, कुळथाची पिठी करून ठेवायची. फरक एवढाच, की आपली बेगमी चुकली तर फार तर पापड विकत आणावे लागतात. तिची चुकली तर श्रावणात चूल पेटत नाही. आणि गेल्या वीस वर्षांत पाऊसच असा बदलला आहे, की सासूने शिकवलेली बेगमी सुनेला पुरेनाशी झाली आहे.

आज त्या बायकांविषयी तुमच्याशी बोलायचं आहे. हवामानबदल हा शब्द आपण बातम्यांत रोज ऐकतो आणि सोडून देतो. तो शब्द या घरांतल्या चुलीपाशी कसा येऊन बसला आहे, ते जरा बघू या.

सावित्रीचं खोरं

महाड म्हटलं की आपल्याला रायगड किल्ला आठवतो, चवदार तळं आठवतं. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला तो याच गावात. पोलादपूर त्याच्या दक्षिणेला, आंबेनळी आणि कशेडी या घाटांच्या पायथ्याशी. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. काळ आणि गांधारी या नद्या महाडच्या परिसरात तिला येऊन मिळतात. आता गंमत बघा. महाबळेश्वरला पडलेला पाऊस उभ्या डोंगरावरून काही तासांत खाली येतो. त्याच वेळी समुद्राला भरती असली तर खाडीचं पाणी त्याला पुढे सरकू देत नाही. मधे सापडतं ते महाड. नदीत गाळ साठलेला असला की पाणी आणखी पसरतं. म्हणून महाडकरांना पूर नवा नाही. बाजारपेठेतले जुने दुकानदार माल वरच्या माळ्यावर चढवण्यात तरबेज असतात.

पण डोंगरावरच्या माणसाला पुराची भीती नव्हती. तो म्हणायचा, पाणी खाली जातं, आम्ही वर आहोत. हा विश्वास २००५ साली तुटला.

पाऊस बदलला म्हणजे नेमकं काय झालं?

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकर बायका विसरणार नाहीत. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच सुमारास महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसं गेली. मुंबईच्या पुरापुढे या गावांची बातमी मागे पडली, एवढंच.

मग २०१६. २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. मग ३ जून २०२०. श्रीवर्धनच्या बाजूला ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं आणि आतल्या महाड-पोलादपूरपर्यंत घरांची कौलं नि पत्रे उडवत गेलं. पावसाळ्याच्या अगदी तोंडावर! टाळेबंदीचे दिवस, मुंबईची माणसं रोजगार गमावून गावी परतलेली, आणि डोक्यावर छप्पर नाही.

आणि २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अहिल्यानगर जिल्ह्यात वर्षभरात जेवढा पाऊस होतो, जवळजवळ तेवढा एका दिवसात. महाडच्या बाजारपेठेत माणूस बुडेल एवढं पाणी चढलं. दुपारनंतर तळिये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं त्याखाली गेली. रस्ते बुडालेले, दरडींनी अडलेले. मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथंही दरडींनी माणसं नेली.

तुम्ही म्हणाल, पाऊस पूर्वीही पडायचाच की! हो, पडायचा. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तो काही आजचा नाही. पण तो जून ते सप्टेंबर असा वाटून पडायचा. आता पंधरा पंधरा दिवस ऊन पडतं आणि मग महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओततो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० पासूनच्या साडेसहा दशकांत मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारे वारे जास्त बाष्प घेऊन येतात आणि ते एकदम रितं करतात. आपल्याकडे दुधाचं पातेलं मंद आचेवर ठेवलं तर सांभाळता येतं. आच मोठी केली की क्षणात उतू जातं. तसंच काहीसं.

राब, रोप आणि लावणी

इथलं मुख्य पीक भात. खाचरात भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी नि वरी. उन्हाळ्यात झाडांच्या डहाळ्या, गवत, शेण पसरून राब भाजायचा. त्यावर पहिल्या पावसाला बी टाकायचं. तीन-साडेतीन आठवड्यांनी रोप काढून चिखलात लावायचं. नांगर बापयाचा, पण रोप काढणं, लावणी, बेणणी आणि कापणीतला मोठा वाटा बाईचा. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, कंबर दिवसभर वाकलेली.

आता पहिला पाऊस पडतो, बी रुजतं आणि पाऊस गायब होतो. रोप पिवळं पडतं. लावणीला पाणी येईपर्यंत ते जून होतं आणि जून रोपाला फुटवे कमी येतात. कधी सगळंच करपतं आणि बी दुसऱ्यांदा टाकावं लागतं. दुसऱ्यांदा म्हणजे घरात खायला ठेवलेल्या भातातून किंवा उसनवारीने.

कापणीची तऱ्हा वेगळी. परतीचा पाऊस रेंगाळतो. २०१९ साली ऑक्टोबर संपून नोव्हेंबर उजाडला तरी कोकणात पाऊस होता. कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं आणि लोंब्यांना कोंब फुटले. पेंढा कुजला, म्हणजे गुरांचंही खाणं गेलं.

यावर या घरांनी काय केलं? हात जोडून बसल्या नाहीत बरं का बायका! काही घरं आता हळवं आणि गरवं अशी दोन्ही भातं थोडी थोडी करतात. हळवं भात लवकर तयार होतं. पाऊस लवकर संपला तर ते हाती लागतं. पाऊस लांबला तर हळवं भिजतं, पण गरवं तरतं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘कर्जत-३’सारख्या हळव्या जाती दिल्या आहेत. काही जणी राबाचे दोन तुकडे करून आठ-दहा दिवसांच्या अंतराने बी टाकतात, म्हणजे एक गेलं तर दुसरं राहतं. आपण नाही का दोन गॅस सिलिंडर ठेवत? तसंच.

रायगड जिल्ह्यातच नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ रूढ केलं. त्यात एकदा गादीवाफे केले की पुन्हा नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. वाफ्यावरच बी टोकायचं. मातीत जुनी मुळं राहतात, त्यामुळे ती धुपत नाही आणि ओलही धरते. बाईची कंबर वाचते हा मोठाच फायदा. पण त्याला दुसरी बाजू आहे. तण मारायला औषध विकत आणावं लागतं. आणि ज्या बाईला स्वतःचं शेतच नाही, दुसऱ्याच्या लावणीला मजुरीने जाऊन जिचा पावसाळा निघतो, तिची मजुरी जाते. म्हणून कोणताही उपाय ऐकला की एक प्रश्न विचारावा: यात कोणाची सोय झाली आणि कोणाची गेली?

नाचणी आणि वरीचीही आठवण लोकांना पुन्हा होऊ लागली आहे. ही पिकं पावसाची ओढ भातापेक्षा चांगली सोसतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे आपल्या पोषणाच्या सदरात तुम्ही वाचलं असेलच. पूर्वी नाचणी म्हणजे गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडलं जायचं. आता शहरात तिची बिस्किटं मिळतात. फक्त त्या बिस्किटाच्या किमतीतलं डोंगरावर किती पोहोचतं, हा प्रश्न उरतोच.

ताटातलं कुठे कमी होतं?

या तालुक्यांतली घरं पूर्वीपासून दोन ठिकाणी पाय ठेवून जगत आली. शेत गावी आणि घरधनी मुंबईला. गिरणीत, गोदीत, कुठे तरी शिपाई म्हणून. दरमहा मनिऑर्डर यायची आणि तीच खरी पिकविम्यासारखी होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि असंख्य घरांची ती मनिऑर्डर आटली. आज मुलं वॉचमन, ड्रायव्हर, कुरियरवाले म्हणून मुंबई-पुण्यात असतात, नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला. ज्यांना जमीनच नाही ती कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. अवकाळी पाऊस आला की भट्टीवरच्या कच्च्या विटा विरघळतात, आणि घेतलेली उचल फिटत नाही. म्हणजे गावातला पाऊसही नडतो आणि बाहेरचाही.

पैसा कमी पडला की घर काय काय विकतं, त्याचा एक क्रम असतो. आधी कोंबड्या, मग बकरी, मग बाईच्या अंगावरचं किडुकमिडुक, सगळ्यात शेवटी गुरं. कोंबडी आणि बकरी ही बहुतेक बाईचीच पुंजी. म्हणजे संकटाचा पहिला हप्ता तिच्याकडून वसूल होतो, आणि त्याला कोणी कर्ज म्हणत नाही.

त्याहून सूक्ष्म गोष्ट ताटातली. मैत्रिणींनो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घरात भात कमी पडला की कोण म्हणतं, मला आज भूक नाही? श्रावण-भाद्रपदात जुनं भात संपलेलं आणि नवं यायचं असतं, तेव्हा ही भूक नसणारी बाई घरोघर सापडते. आणि तेच दिवस लावणी-बेणणीच्या कष्टाचे असतात.

अशा वेळी रान धावून येतं. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, शेवळं. शेवळं खाजरी असतात. ती काकडांच्या रसात शिजवायची, हे शहाणपण आजीकडून नातीकडे येतं. कातकरी बाया या भाज्या खुडून बाजारात आणतात. आपण त्यांना ‘रानभाज्या’ म्हणून हौसेने घेतो. पाऊस पुढेमागे झाला की शेवळंही पुढेमागे होतात, आणि तिचे दोन आठवड्यांचे पैसे बुडतात.

बचत गटांनी इथं खरा आधार दिला. दरमहा थोडे थोडे पैसे टाकायचे आणि अडीनडीला सावकाराच्या दारी न जाता गटातून घ्यायचे. दुसऱ्यांदा बी घेणं असो, की छपराचे चार पत्रे. पण एक ध्यानात घ्या. दरड किंवा वादळ येतं तेव्हा गटातल्या सगळ्या बायकांवर एकाच दिवशी येतं. मग कोण कोणाला देणार? तेव्हा बाहेरचा हात लागतोच.

हंड्याची वाट

तुम्हाला खोटं वाटेल, पण जिथं तीन हजार मिलिमीटर पाऊस, तिथंच एप्रिल-मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतो! खडक काळा, उतार उभा; पाणी मुरायच्या आत समुद्राला जातं. पाऊस जितका एकदम ओततो तितकं कमी मुरतं. म्हणजे पूर वाढला तसा उन्हाळ्यातला हंडाही लांब गेला. वाटेवर बहुतेक बायका आणि मुलीच दिसतात. दहावीच्या परीक्षेनंतर शाळा सुटलेल्या मुली कोणत्या कामाला लागतात, ते त्या वाटेवर कळतं.

यावरचा स्वस्तातला उपाय म्हणजे वनराई बंधारा. पावसाळा संपता संपता ओढ्यात पाणी वाहत असतं, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ती आडवी रचायची. गाव मिळून एका दिवसात होतं. आजूबाजूच्या विहिरींना ते पाणी काही आठवडे जास्त पुरतं. वालाला, पावट्याला ओल मिळते, गुरांना पाणी मिळतं. पुढल्या पुरात तो वाहून जातो. पुन्हा दरवर्षी बांधायचा. आपल्या वाळवणासारखाच तो. दरवर्षी करायचाच.

घर हलवायचं म्हणजे

तळियेनंतर सगळ्यांच्या मनात एकच आलं, ही माणसं डोंगराखाली राहतातच कशाला? प्रश्न सोपा आहे, उत्तर नाही. खाचर तिथं, गोठा तिथं, ग्रामदेवता तिथं. सरकार दरवर्षी दरडीचा धोका असलेल्या वाड्यांना पावसाळ्यात तात्पुरतं हलायला सांगतं. शाळेच्या खोलीत चार कुटुंबं. तिथं न्हाणीघर नाही, आडोसा नाही, तान्ह्या मुलाला दूध तापवायला चूल नाही. गुरं मागे राहिलेली. मग दोन दिवस पाऊस उघडला की बाई परत वर जाते, कारण म्हैस हंबरत असते. तिला आपण अडाणी म्हणणार का?

तळियेच्या माणसांसाठी ‘म्हाडा’ने नवी घरं बांधली, पण ती मिळायला वर्षं गेली. तोवर माणसं पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहिली. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं, ते ज्या घरात गच्चीवरची खोली आहे तिने सांगावं.

आणि इथं एक कागदाची गोष्ट येते. दरडीत नवरा गेला, सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं, तोही गेलेला. विधवेचं नाव कुठेच नाही. मदत कोणाच्या हाती जाणार? दीर म्हणतो मी सांभाळीन. सांभाळेलही. पण हक्क आणि उपकार यांत फरक असतो. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून शिधापत्रिकेवर घरातल्या थोर बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून आलं. सातबाऱ्यावर मात्र बाईचं नाव अजून फार थोड्या घरांत सापडतं. नव्वदच्या दशकात ‘लक्ष्मीमुक्ती’च्या निमित्ताने शेतकऱ्यांनी बायकोचं नाव लावावं म्हणून चळवळ झाली, तीच पुन्हा व्हायला हवी. हवामानाच्या संकटात तलाठ्याकडचा एक कागदही जीव वाचवतो, तो असा.

आपल्याला काय करता येईल?

आपण गावात राहतो, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. महाडच्या पक्क्या घरांतही पाणी शिरलंच. म्हणून आधी आपल्या घरच्या चार गोष्टी:

शिधापत्रिका, आधार, बँकेचं पुस्तक, घराचे कागद, मुलांचे दाखले आणि नेहमीची औषधं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मे महिन्यातच हाताशी ठेवा.

धान्याचे डबे घट्ट झाकणाचे घ्या आणि पावसाळ्यात माळ्यावर चढवा.

पुराचं पाणी ओसरल्यावर खळखळून उकळलेलंच पाणी प्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुरानंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरगुती काढ्यावर न राहता लगेच डॉक्टर गाठा. लेप्टोस्पायरोसिसला उशीर चालत नाही.

डोंगराजवळ राहत असाल तर जमिनीला नवी भेग, कलू लागलेली झाडं आणि खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा, अकारण अडकू लागलेलं दार, ही लक्षणं ओळखा. घरातलं काही गोळा करत बसू नका. माणसं आणि मुलं घेऊन निघा.

आणि आता तिच्यासाठी. तुमच्या दाराशी येणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडे, घरकाम करणाऱ्या बाईकडे जरा चौकशी करा. तुमची वाडी कुठली? भात झालं का? बी दुसऱ्यांदा टाकावं लागलं का? त्यांना गरज असेल तेव्हा, म्हणजे जुलैत, उचल द्या. दिवाळीची साडी उशिरा दिली तरी चालेल. नाचणी, वरी, कडवे वाल, आमसुलं गावातल्या बचत गटाकडून घ्या आणि भाव करताना जरा हात आखडता ठेवा. एखाद्या वर्षी आमसुलं काळपट दिसली, तर नाक मुरडण्याआधी आठवा, की मे महिन्यातच पाऊस आला होता.

पूर-दरडीची मदत पाठवायची असेल तर फाटक्या साड्यांचं बोचकं पाठवू नका. घट्ट झाकणाचे पिंप, पातेली, कोरडे अंथरूण-पांघरूण, बॅटरी, मुलींना महिन्याच्या अडचणीला लागणारे कपडे किंवा पॅड आणि पुढच्या हंगामासाठी बियाण्याचे पैसे, ही खरी मदत. पहिल्या आठवड्यात सगळे धावतात. तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं, तेव्हा आठवण ठेवा.

मैत्रिणींनो, पुढच्या वैशाखात गच्चीवर कुरडया घालताना आभाळात ढग आला आणि तुमचा जीव खालीवर झाला, तर क्षणभर पूर्वेच्या डोंगराकडे बघा. तिथंही एक बाई तोच ढग बघत असेल. बी टाकावं की थांबावं, घर सोडावं की राहावं, हे तिला त्या ढगाकडे बघून ठरवायचं आहे. तिची बेगमी तिची तीच करते आहे, आजवर केलीच आहे. पण ढग आता तिच्या एकटीच्या आवाक्यातला राहिलेला नाही.